आईची पथरी

आमच्या गल्लीत आजारपण कुणाचं एकट्याचं नसतं. सुरतच्या या उधन्यात खोल्या एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की पलीकडे कुणी दोनदा शिंकलं तर अलीकडून आलं घातलेला चहा जातो. कुणी आजारी पडलं की त्याला भेटायला जायचंच. या भेटायला जाण्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. ताप असेल तर मोसंबी न्यायची. हाडबीड मोडलं असेल तर अंडी. बाळंतीण असेल तर डिंक आणि खोबरं. काहीच सुचलं नाही तर ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. गेल्यावर चहा नको म्हणायचं आणि मग घ्यायचा. मग हाच आजार आपल्या ओळखीच्या कुणाला तरी याहून कितीतरी भयंकर कसा झाला होता ते सविस्तर सांगायचं. त्याने आजारी माणसाला धीर येतो, असा आमच्याकडे समज आहे.

माझी आई यात पहिल्या नंबरची होती. गल्लीत कुणाचं काय दुखतंय हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. आणि मग ती स्वतःच आजारी पडली, आणि आजार असा निघाला की सांगायची सोय नाही.

हे मी लिहायला घेतलंय खरं, पण मला ते नीट जमेल की नाही याची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे मला सगळं येतं असं बाबांना वाटतं, आणि मला काहीच येत नाही असं मला वाटतं. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी मी सध्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

दिवाळीनंतर आई हळूहळू गप्प होत गेली. आमच्याकडच्या बायका कापड कारखान्यातून साड्यांचे गठ्ठे आणतात आणि ओट्यावर बसून साडीच्या मागचे लोंबणारे धागे कात्रीने कापून देतात. आईची कात्री कशी चालायची ते पाहण्यासारखं होतं. तोंड एकीकडे, हात एकीकडे. आता ती मांडीवर साडी घेऊन बसायची आणि बराच वेळ झाला तरी साडी तीच आणि धागे तेच. चहा उतू जायचा आणि ती समोर उभी राहून बघत असायची. वरणाला फोडणी देताना डोळ्यांतून पाणी यायचं. विचारलं तर म्हणायची, "काई नाही." एकदा मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "मले असं वाटते, मी या घरात जास्तीची झाली."

आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे. बाबांना इथे कारखान्यात, म्हणजे इथल्या भाषेत खात्यात, लूम चालवायला लागून माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली. लूम बिघडला तर ते कान लावून सांगतात की दोष कुठे आहे. आईपाशीही ते बरेच दिवस तसेच कान देऊन बसले. मग त्यांनी टॉनिक आणलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून लिंबू उतरवून झालं. टॉनिक संपलं, लिंबू वाळलं, आई तशीच.

माझा एक विषय मानसशास्त्र आहे. पुस्तकातला एक धडा वाचताना मला सारखं वाटत होतं की आमच्या स्वयंपाकघरात डोकावून कुणी तरी हे लिहिलंय. पण घरी सांगायचं कसं? मी बरेच दिवस सांगेन सांगेन म्हणत राहिले. शेवटी एका रविवारी बाबांपुढे पुस्तकच उघडं ठेवलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. पुस्तक गुजरातीत होतं.

"परीक्षेत येते का हे?" त्यांनी विचारलं.

"येतं. पण बाबा, आईलाही येतं."

असं आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आईला पुष्कळ प्रश्न विचारले, घाई केली नाही, आणि मग आम्हाला हिंदीत सांगितलं, "ये बीमारी है. जैसे शुगर होती है, बीपी होता है. ये नखरा नहीं है, कमजोरी नहीं है. गोली का असर होने में कुछ हफ्ते लगेंगे. और अच्छा लगने लगे तब भी अपने मन से बंद मत करना. ये सबसे जरूरी बात है."

बाबांनी मान डोलावली. मग खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाज उतरवून विचारलं, "मॅडम, इसका कोई दूसरा नाम नहीं है क्या?"

"डिप्रेशन बोलते हैं."

"वो तो डॉक्टर लोगों का हुआ. अपने लोगों को बताने लायक कोई?"

डॉक्टर बाई हसल्या. "यही बता सकते हैं. इसमें छुपाने का क्या है?"

शेठने सणाच्या दिवशी कामावर यायला सांगितलं की बाबा जशी मान हलवतात, तशीच त्यांनी हलवली. म्हणजे ऐकलं, पण होणार नाही.

परत आलो तर गल्लीच्या तोंडाशीच मावशी बसलेल्या. या मावशी म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतल्या, खानदेशच्या. त्यांच्या घरात अहिराणी चालते, आमच्याशी त्या मराठी बोलतात, पण आनंद, राग किंवा उत्सुकता अनावर झाली की पुन्हा अहिराणीवर येतात. त्या दिवशी उत्सुकता होती.

"कोठे जायेल व्हतात सकायमा?"

"दवाखान्यात," बाबा म्हणाले.

"का वं? काय व्हयनं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याकडे पाहिलं. आईने पायाखाली पाहिलं. दिवसभर उभं राहून बाबांची कंबर दुखते, म्हणून त्यांचा एक हात नेहमी कमरेवर असतो. तो तिथेच होता. बाबा म्हणाले, "पथरी."

घरात शिरल्यावर मी विचारलं, "पथरी कशाला म्हणालात?"

"तोंडात आली."

"ताप म्हणायचं."

"ताप दोन दिवसांत उतरते. गोळ्या तर लय दिवस चालनार हायेत." बाबा आता स्वतःवर खूश होते. "पथरी पोटात असते. दिसत नाही, ऐकू येत नाही. कोनी काय विचारनार?"

उधन्यात पथरीविषयी, म्हणजे मुतखड्याविषयी, कुणी काही विचारणार नाही असं समजणं म्हणजे बारडोलीत जाऊन उसाविषयी कुणी बोलणार नाही असं समजणं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. लूमवरची माणसं घाम गाळतात आणि मशीन सोडून पाणी प्यायला जात नाहीत. त्यामुळे घरटी एक तरी पथरीवाला आहेच. कुणाची पडली आहे, कुणाची पडायची आहे, कुणाची पडून पुन्हा झाली आहे. ज्यांची पडली त्यांनी ती जपून ठेवली आहे, कुणी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत, कुणी काड्यापेटीत, आणि पाहुणे आले की ती दाखवतात. बाबांनी शंभर आजारांमधून नेमका तो निवडला, ज्यात गल्ली तज्ज्ञ होती.

संध्याकाळपर्यंत आमचा ओटा भरला. मावशी कुळथाचं पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "आव बहिन, पथरीले काय घाबरनं! मन्ही तं कितला डाव पडनी." कुणी पानफुटीची पानं आणली. कुणी जवाचं पाणी. एकीचा भाऊ कामरेजच्या बाजूला शेतात कामाला आहे, त्याने केळीचा अख्खा खांबच रिक्षातून पाठवला. त्याचा रस काढायचा होता. तो खांब आमच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत मावेना, म्हणून दारातून अर्धा बाहेर राहिला, आणि ज्यांना आजपर्यंत कळलं नव्हतं त्यांना तो पाहून कळलं.

शिवाय पथ्य. टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद, कारण बिया आणि पथरी यांचं वैर सर्वांना माहीत. बायका येता-जाता आमच्या भाजीच्या पिशवीत डोकावायच्या. बाबांना टोमॅटोशिवाय जेवण जात नाही. ते कारखान्यातून येताना टोमॅटो जेवणाच्या डब्यात लपवून आणू लागले. एकदा मावशींनी दारातच डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, "आज जड लागतोय." बाबा म्हणाले, "जेवलोच नाही. हिच्या काळजीनं."

आईला दुखतंय असं दाखवावं लागे आणि ते तिला मुळीच येत नव्हतं. ती कधी डावीकडे हात धरायची, कधी उजवीकडे.

"परवा त इकडे व्हती," मावशी म्हणायच्या.

"फिरते ती," बाबा आतून ओरडायचे.

मी या सगळ्यात काय करत होते? कॉलेजात बाईंनी एकदा वर्गात विचारलं की मनाच्या आजाराबद्दल समाजात जी लाज असते ती कशी कमी करता येईल. मी उभी राहून उत्तर दिलं. मोकळेपणाने बोलून, म्हणाले. बाईंना उत्तर आवडलं. घरी येऊन मी कुळीथ भिजत घातले.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. बाबांच्या शेजारच्या लूमवर एक उत्तर प्रदेशचे काका आहेत. त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "भाभी को बियर पिलाओ. दवा समझ के. सीधा बह जाएगी." गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे इथे बियर मिळणं सोपं नाही, पण काका म्हणाले की आणून देणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. बाबांनी घरी येऊन, दार लावून, अगदी गंभीर चेहऱ्याने हा प्रस्ताव आईपुढे ठेवला. खरी पथरी नाही हे ते बोलता बोलता विसरले होते.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "अवो," ती म्हणाली, "बियर कोनाले पाजता? पथरी कुठे हाये?"

बाबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "हो ना."

आणि आई हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. किती तरी दिवसांनी. गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते. तेव्हापासून थोडं थोडं बदलत गेलं. ती सकाळी उठून केस विंचरू लागली. साड्यांचा एखादा गठ्ठा संपू लागला. चहा उतू जायच्या आधी गॅस बंद होऊ लागला. बायका रोज यायच्या, बसायच्या, आपापल्या पथऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या. मला वाटलं की त्याचाही तिला उपयोग होत असेल. तसं मी एकदा बोललेही.

आईने कात्री खाली ठेवली. "त्या पथरीले भेटाले येतात," ती म्हणाली. "मले नाही."

पुस्तकात यावर धडा नव्हता.

मग गल्लीला घाई झाली. इतके दिवस कुळीथ पिऊन पथरी पडत नाही म्हणजे काय? सोनोग्राफीत केवढी दिसते? बाबांनी एकाला एक आकडा सांगितला आणि दुसऱ्याला दुसरा. दोघे एकाच पानटपरीवर भेटले. पथरी चार दिवसांत दुप्पट झाल्याची बातमी पसरली आणि ऑपरेशनला कुणी कुणी रक्त द्यायचं याची चर्चा ओट्यावर सुरू झाली. काही जणांनी तर बाबांना आपला रक्तगट सांगून ठेवला. बाबा घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्यांनी जाहीर केलं, "पडली."

गल्लीत आनंद झाला. मावशींनी शिरा केला. "कुळथनी पाडी," त्या सगळ्यांना सांगत होत्या. केळीच्या खांबाचा पक्ष वेगळा होता, त्यांचं म्हणणं रसाने पडली. वाद चालू असतानाच नळाजवळचे एक म्हातारे काका काठी टेकत आले. त्यांची पथरी गल्लीतली सर्वांत जुनी आणि मानाची. ती ते कुंकवाच्या डबीत ठेवतात. त्यांनी डबी सोबत आणली होती.

"दाखवा," ते म्हणाले.

बाबा म्हणाले, "धुऊन ठेवली हाये. आनतो." आणि मागच्या दाराने गेले. गल्लीच्या टोकाला एका घराचं बांधकाम चाललं होतं. थोड्या वेळाने बाबा मूठ मिटून परत आले आणि मूठ उघडली. मी ते पाहिलं आणि मला वाटलं की आता सगळं संपलं. घाईत बाबांनी हरभऱ्याएवढी खडी आणली होती. टोकदार.

काकांनी चष्मा लावला. ती खडी बोटांत धरून उजेडात फिरवली. मग आपली डबी उघडून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांची साबुदाण्याएवढी होती.

मग काकांनी आईकडे वळून हात जोडले. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही सोसलं."

आई आत निघून गेली. बायकांना वाटलं ती रडतेय. ती उशीत तोंड खुपसून हसत होती.

यानंतर जे झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. पथरी पडली, म्हणजे आई बरी झाली. असं गल्लीने ठरवलं, आणि मग हळूहळू घरानेही ठरवलं. पुढच्या तारखेला दवाखान्यात जायचं होतं. बाबा म्हणाले, "आता कोनत्या कारनानं जाता? लोक विचारतीन." आई म्हणाली, "मले बरं वाटून रायलं आता. सगळेच म्हनतात." ती तारीख गेली. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत. मी म्हणाले की डॉक्टर बाईंनी काय सांगितलं होतं, तर आई म्हणाली, "सोड ना बाई. झाली ना मी बरी." तिला बरं व्हायचंच होतं, आणि सगळे ती बरी झाली असं म्हणत होते. मी एकटी कुठवर नाही म्हणणार?

काही आठवड्यांनी कॉलेजातून आले तर चहाचं पातेलं जळून काळं झालं होतं आणि आई त्याच्यापुढे उभी होती. मांडीवरची साडी पुन्हा तीच ती. रात्रभर जागी असल्यासारखे डोळे. मी बाबांना म्हणाले की उद्याच नेऊ. आणि या वेळी खरं सांगू.

"खरं?" बाबा एकदम दबक्या आवाजात बोलू लागले. "पोरी, त्या दवाखान्याच्या त्या भागाले लोक काय म्हनतात तुले मालूम हाये ना? एकदा का येडी म्हनलं का मानूस कोरं होत नाही पुन्हा. तिच्या हातचं पानी प्याची नाहीत ह्या बाया."

ते वाईट माणूस नाहीत. ते घाबरले होते. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं झाली म्हनू."

"काय?"

"पथरी."

दुसऱ्या पथरीची बातमी बाबांनी कामावर जाताना सांगितली असावी, कारण आम्ही निघायच्या आत मावशी नवी साडी नेसून, हातात कुळथाच्या पाण्याची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्या सोबत येणार होत्या. आमच्याकडे बाई दुसऱ्यांदा दवाखान्यात निघाली की तिला एकटी जाऊ देत नाहीत, आणि मी कॉलेजात जात असले तरी मावशींच्या लेखी मी मोजण्यासारखी नव्हते. मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला उगाच त्रास." त्या म्हणाल्या, "त्रास कसाना? पथरीना डॉक्टर मन्हा वयखीना शे." ओळखीचा डॉक्टर आहे म्हटल्यावर मी चपला घातल्या.

रिक्षात आई मध्ये बसली होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मावशी. मावशी सगळा रस्ता बोलत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते. दवाखाना आला तरी एकही वाक्य जुळलं नव्हतं.

आत गेल्यावर मावशी पुढे झाल्या. त्यांना तो दवाखाना माहेरासारखा ठाऊक आहे. रांगेतून, बाकड्यांमधून वाट काढत त्या निघाल्या आणि जिन्यापाशी डावीकडे वळल्या. पथरीचा विभाग डावीकडे होता. आम्हाला उजवीकडे जायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून, "मावशी, ते, म्हणजे," एवढंच आलं.

आई जिन्यापाशी थांबली होती.

"चाल ना वं," मावशी म्हणाल्या. "इकडे."

"बाई," आई म्हणाली, "माहं इकडे नाही. माहं तिकडे हाये."

मावशींनी तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. "तिकडे? तिकडे तं डोकं फिरेल लोके जातस."

"हो. तिकडेच."

लोक आमच्या बाजूने जात-येत होते. एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, आम्ही सरकलो, तो गेला. आईने पदर नीट केला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मले पथरी नव्हतीच कधी. मले झोप येत नाही. जीव लागत नाही कशात. रडू येते. डॉक्टरनं गोळ्या देल्या होत्या, त्यानं बरं वाटत होतं. तुम्ही सगळे पडली पडली म्हटल्यावर मी त्या बंद केल्या. आता पुन्हा तसंच झालं."

मावशी बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या निघून जातील. त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"मंग हाई कुळीथ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला, "हाई कुळीथ मी रोज कोनासाठे उकाळी?"

"तुमची आन बाई, चव चांगली होती," आई म्हणाली.

मावशी कपाळाला हात लावून बाकावर बसल्या. त्यांना राग आला होता, पण तो नक्की कशाचा ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. आजाराचा, खोटं बोलल्याचा, की कुळथाचा. "इतला दिन," त्या म्हणत होत्या. "मन्ह्यासमोर बसेल व्हती, अन् मले समजनं नही." मग त्या उठल्या. जिन्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बहुतेक घरी जायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा. पण आजारी माणसाबरोबर यायचं आणि अर्ध्यावर सोडून जायचं, असं आमच्या गल्लीत कुणी केलेलं नाही. तो एक नियम मोडायचा म्हणजे मनाच्या आजारापेक्षा मोठी भानगड. "चाल," त्या म्हणाल्या, आणि आईचा दंड धरला. थोडा घट्टच धरला, आई पळून जाईल की काय असा.

त्या विभागाबाहेर नेहमी शांतता असते. सगळे अंतर ठेवून बसलेले. बायकांच्या ओढण्या डोळ्यांपर्यंत, पुरुष मोबाईलमध्ये. कुणी कुणाकडे बघत नाही. मावशी आईला खेटून बसल्या. आधी त्यांनी पाय वर घेतले, जणू खाली काही सांडलंय. इकडे तिकडे पाहिलं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी केस उपटत नव्हतं. त्यांची थोडी निराशा झाली असावी. शेजारी एक जाडशा बाई होत्या, गुजराती. मावशींना काही वेळ गप्प बसता आलं. मग बसवेना.

"तुम्हारा क्या है?" त्यांनी विचारलं.

सगळ्या बाकड्यांवरच्या माना वळल्या. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्या बाईंनी ओढणी थोडी खाली केली. "मने?" त्या म्हणाल्या. "मने गभरामण थाय छे." जीव घाबरतो, असं.

"कितने दिन से?"

आणि त्या बाई सांगू लागल्या. मावशी ऐकत होत्या, च्‌ च्‌ करत होत्या, मध्येच स्वतःच्या जावेच्या भावजयीला याहून भयंकर काय झालं होतं ते सांगत होत्या. पलीकडच्या एका माणसाने मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाला की त्याला तर लिफ्टमध्ये शिरताच येत नाही. मावशी म्हणाल्या की लिफ्टमध्ये शिरावंच कशाला, जिना आहे ना. तो म्हणाला की नोकरीच लिफ्टमनची आहे. यावर लोक हसले. तोही हसला. नर्स दार उघडून बाहेर डोकावली, कारण त्या दारापलीकडून असा आवाज येत नसे.

डॉक्टर बाईंनी आईला ओळखलं. त्या रागावल्या नाहीत, पण गोळ्या मध्येच बंद केल्यावर काय होतं ते त्यांनी पुन्हा सांगितलं आणि सांगितलं की आता पुन्हा सुरू करू, पुन्हा बरं वाटेल. मावशी आमच्याबरोबर आत आल्या होत्या. त्यांनी मधेच विचारलं, "पथ्य क्या है इसका?"

"कुछ खास नहीं. सब खाओ. गोली रोज, नींद टाइम पे, थोडा चलना. और घर में बात करते रहना."

"खाने का कुछ नहीं?"

"नहीं."

"फिर हम लोग लाएँगे क्या?" मावशींनी विचारलं. त्या मनापासून अडचणीत होत्या.

मावशींनी हे कुणाला सांगू नये असं आईने घरी पोहोचेपर्यंत म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता. दुपारपर्यंत गल्लीला कळलं. कोपऱ्यावरच्या खोलीतल्या बाई त्या दिवशी आमच्या दारावरून गेल्या तेव्हा पलीकडच्या बाजूने गेल्या. त्या अजूनही तशाच जातात. म्हाताऱ्या काकांनी आपल्या डबीत ठेवून घेतलेली ती खडी परत केली. माझ्या हातात देताना म्हणाले, "बाबांना सांग, सिमेंट लागलंय तिला." त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असावं, किंवा आता तसं दाखवायचं असावं.

संध्याकाळी बायका आल्या, मावशी पुढे आणि बाकीच्या मागे. ओट्यावर बसल्या. कुणाला काय आणावं ते कळलं नव्हतं, म्हणून एकीने केळी आणली होती, एकीने काहीच नाही, आणि एकीने आपला साड्यांचा गठ्ठाच आणला होता. त्या गठ्ठ्यातल्या साड्या काही जणींनी वाटून घेतल्या आणि कात्र्या चालू लागल्या.

"दुखते का कुठे?" शेवटी एकीने विचारलं.

"दुखत नाही," आई म्हणाली. "दुखलं असतं त सांगता आलं असतं." आणि मग ती सांगू लागली. सकाळी उठायचंच जड जातं. भाजी चिरायला घ्यावी तर विळी मणाची होते. कुणी हाक मारली की ती लांबून येते. बायका ऐकत होत्या. एक जण म्हणाली, "हे त मलेबी होत होतं, मोठा पोरगा झाला तवा." तिच्या सासूने तिच्याकडे पाहिलं, पण तिने कात्री चालू ठेवली आणि पुढेही बोलली.

तेवढ्यात बाबा पाळी संपवून आले. ओट्यावर एवढ्या बायका पाहून ते गल्लीतच थबकले. मग कमरेवर हात ठेवून, मोठा चेहरा करून म्हणाले, "काय सांगू ताई, दुसऱ्या बाजूनंबी..."

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "बसा तुम्ही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते चपला न काढताच पायरीवर बसले. डबा मांडीवर घट्ट धरला होता. थोड्या वेळाने त्यांनी आईला विचारलं, "गोळी घेतली का?" सगळ्यांसमोर, साध्या आवाजात. पहिल्यांदाच.

आईने मला खूण केली. मी आतून पाणी आणि गोळी आणली. इतके दिवस ती गोळी दाराआड घेतली जायची. आईने ती तळहातावर ठेवली आणि बायका वाकून बघू लागल्या. "एवढीशी?" एकीने म्हटलं. दुसरीने विचारलं, "किती दिवस घ्याची?"

"डॉक्टर बंद करा म्हनतीन तवापर्यंत," आई म्हणाली.

"अन् मधमा कोन्ही म्हने का तू बरी व्हयनी, तं?" मावशींनी विचारलं. त्या पाहत होत्या आईकडे, पण आवाज सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असा होता.

"तरीबी घ्याची."

"मंग घे ना वं," मावशी म्हणाल्या. "पानी गरम व्हई ऱ्हायनं."

आईने गोळी घेतली. मग तिने पायरीवर ठेवलेल्या गठ्ठ्यातली एक साडी ओढून मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "कात्री दे." त्या दिवशी तिचे फार धागे कापून झाले नाहीत.